रेस्क्यू डिस्कवरून लॅपटॉपचा बॅकअप परत आणताना

मोंढ्यातल्या आडतीवरचा असो की सेतू केंद्रातला, कामाचा लॅपटॉप बसला की नुसतं विंडोज टाकून भागत नाही. विंडोज तासाभरात टाकून होतं. पण अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, प्रिंटरची सेटिंग, टॅली, जुनी पत्रं उघडायला लागणारे सुरेख नि कृतिदेव फॉन्ट हे सगळं पुन्हा जागच्या जागी बसवण्यात दोन दिवस जातात. तेवढे दिवस दारात माणसं ताटकळतात. ज्यांनी आधी पूर्ण डिस्कची इमेज घेऊन ठेवलेली असते त्यांचं हेच काम दोन तासांत होतं.

इमेज म्हणजे ती घेतली त्या दिवशीची अख्खी डिस्क: विंडोज, प्रोग्राम, फाइली, पार्टिशनची (डिस्कच्या विभागांची) मांडणी, बूट करणारा (लॅपटॉप चालू करून देणारा) भाग, सगळं. रिस्टोअर करणं म्हणजे ते जसंच्या तसं परत लिहिणं, आणि लिहिताना डिस्कवर आत्ता जे आहे ते पुसलं जातं. मार्चमध्ये घेतलेली इमेज जूनमध्ये रिस्टोअर केली तर मधल्या तीन महिन्यांच्या पावत्या, दाखले, स्कॅन गेले म्हणून समजा. म्हणून या कामातला जास्त वेळ रिस्टोअरचं बटण दाबायच्या आधीच घालवायचा असतो. बटण दाबल्यावर तुमच्या हातात फारसं काही राहत नाही.

आधी डिस्क आजारी आहे का ते बघा

विंडोज चालू होत नाही याची मुख्य कारणं दोन. एक तर आतलं सॉफ्टवेअर बिघडलं (व्हायरस, अर्धवट अपडेट), नाहीतर डिस्कच मरायला टेकली. पहिल्या प्रकारात त्याच डिस्कवर रिस्टोअर चालतं. दुसऱ्या प्रकारात चांगली इमेज मरणाऱ्या डिस्कवर लिहून हाती काही लागत नाही. महिनाभरात तेच दुखणं पुन्हा उभं राहतं.

डिस्क बाहेर काढा, साटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या चालू लॅपटॉपला जोडा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम उघडा. ०५ क्रमांकाची ओळ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे) आणि सी५ ची ओळ (वाचता न येणारे, बदलायच्या रांगेतले सेक्टर) या दोन बघा. सी५ मध्ये शून्याशिवाय काहीही दिसलं, किंवा डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असला, तर नवीन एसएसडी आणा.

एसएसडी घेताना एक चूक सर्रास होते. जुनी हार्ड डिस्क ५०० जीबीची असते आणि दुकानात ४८० जीबीची एसएसडी स्वस्तात मिळते. आतला डेटा ९० जीबीच असला तरी ५०० जीबी डिस्कची इमेज ४८० जीबीवर सरळ उतरत नाही, कारण इमेजमध्ये पार्टिशनचा मूळ आकार नोंदलेला असतो. तो आधी आखडून घ्यावा लागतो, आणि जुनी डिस्क मेली असेल तर आखडायचं कशात? त्यामुळे ५०० ला ५००, ५१२ किंवा १००० घ्या. २.५ इंची एसएसडी ७ मिमी जाडीची असते, ९.५ मिमीच्या जुन्या खाचेत ती हलते, तेव्हा सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावा. एम डॉट टू प्रकारची घेत असाल तर लॅपटॉपची खाच साटावाली आहे की एनव्हीएमईवाली (डिस्क जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती) हे मॉडेल नंबरवरून आधी पक्कं करा. दोन्ही कार्डं लांबून सारखीच दिसतात.

मधल्या काळातला डेटा काढून घ्या

डिस्क जिवंत असेल तर ही पायरी गाळू नका. रेस्क्यू डिस्क म्हणजे विंडोजशिवाय लॅपटॉप चालू करून देणारी डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह; ती कशी करायची ते पुढे आहे. रेस्क्यूझिला नावाची रेस्क्यू डिस्क माऊसवर चालते आणि तिच्यात फाइल मॅनेजरही आहे. तिच्यावर लॅपटॉप बूट करा, सी ड्राइव्ह उघडा आणि इमेजच्या तारखेनंतरचं सगळं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवा.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तीन फोल्डर सगळ्यांना आठवतात. टॅलीचा डेटा मात्र तिथे नसतो. टॅलीप्राइम मूळ सेटिंगवरच असेल तर सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा अशी वाट आहे. आत नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतील. एक फोल्डर म्हणजे एक कंपनी. सगळेच्या सगळे उचला. स्कॅनरची चित्रं बहुतेक पिक्चर्समध्ये असतात, पण काही स्कॅनर प्रोग्राम सी ड्राइव्हच्या तोंडाशीच स्वतःचा फोल्डर करतात, तेही चाळा.

ड्राइव्ह फक्त वाचता येतोय, लिहिता येत नाही असा संदेश आला तर घाबरू नका. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता अर्धवट झोपायची सोय) चालू असल्यामुळे तसं होतं. आपल्याला वाचायचंच आहे, त्यामुळे जबरदस्तीने उघडण्याचे पर्याय वापरू नका. ड्राइव्ह कुलूपबंद दिसला तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे. त्याला ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती लॅपटॉपवर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केलं त्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून लॉग इन करून कागदावर उतरवून घ्या. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न विचारता लागलेलं असतं. पुढे सेक्युअर बूट (अनोळखी डिस्कवरून बूट होऊ न देणारी सोय) बंद केलं की लॅपटॉप हीच की मागतो, म्हणून बायॉसला (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगला) हात लावायच्या आधी ती जवळ हवी.

रेस्क्यू डिस्क

इमेज ज्या प्रोग्रामने घेतली त्याच प्रोग्रामची रेस्क्यू डिस्क लागते. एकाची इमेज दुसऱ्याला सहसा वाचता येत नाही. क्लोनझिला आणि रेस्क्यूझिला ही इमेज घेणाऱ्या प्रोग्रामची जोडी त्याला अपवाद: क्लोनझिलाची इमेज रेस्क्यूझिलात उघडते. दोन्ही फुकट आहेत आणि आपल्याकडच्या कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर क्लोनझिला विनातक्रार चालतं. म्हणून खालच्या पायऱ्या क्लोनझिलाच्या दिल्या आहेत.

लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर आयएसओ फाइल (रेस्क्यू डिस्कची डाउनलोड होणारी एकच फाइल) डीव्हीडीवर नुसती कॉपी करून चालत नाही. फाइलवर राइट क्लिक करून बर्न डिस्क इमेज हाच पर्याय घ्या आणि वेग ४ किंवा ८ पट एवढाच ठेवा. घाईत जास्त वेगाने लिहिलेली डीव्हीडी जुना, धुळीने मंदावलेला ड्राइव्ह वाचत नाही. नव्या लॅपटॉपला पेन ड्राइव्हच करावा लागेल. १६ जीबीचा घ्या, त्यावर व्हेंटॉय (एकाच पेन ड्राइव्हवरून अनेक आयएसओ बूट करून देणारा प्रोग्राम) टाका आणि क्लोनझिला, रेस्क्यूझिला, विंडोज या तिन्हींच्या आयएसओ फाइली त्यात साध्या कॉपी करा. बूट केल्यावर यादी येते, हवं ते निवडायचं. व्हेंटॉय टाकताना पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. इमेज ठेवलेल्या हार्ड डिस्कवर ते चुकूनही टाकू नका.

तयार झालेली डिस्क एकदा बूट करून बघितल्याशिवाय कपाटात ठेवायची नाही. मेनू आला की लॅपटॉप बंद केला, एवढीच तपासणी, दोन मिनिटांची.

बूट मेनू

लॅपटॉप चालू करताच बूट मेनूचं बटण टिचकी मारल्यासारखं भराभर दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला आधी एस्केप मग एफ९, आसुसला एस्केप. एसरलाही एफ१२ च आहे, पण बऱ्याच मॉडेलवर ते आधी बायॉसमध्ये (एफ२) जाऊन चालू करावं लागतं. काही लेनोव्होंना कडेला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. लॅपटॉप बंद असताना त्यात पिन दाबली की मेनू येतो.

यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसू शकतो: एकदा यूईएफआय (बूट करायची नवी पद्धत) या शब्दासह, एकदा त्याशिवाय (जुनी पद्धत, लेगसी). जुनं विंडोज ज्या पद्धतीने चालत होतं तीच निवडा. विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज कंपनीतूनच आलं असेल तर बहुधा यूईएफआय. विंडोज ७ च्या काळातला लॅपटॉप असेल तर बहुधा लेगसी.

रेस्क्यू डिस्क बूटच होत नसेल आणि सुरक्षेचा संदेश येत असेल तर बायॉसमध्ये सेक्युअर बूट तात्पुरतं बंद करा. काम झालं की आठवणीने चालू करा.

लिहायच्या आधी: लाईट आणि ऊन

लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर लाईट गेली तरी लॅपटॉप चालू राहतो. पण इमेज ३.५ इंची मोठ्या डिस्कवर असेल आणि ती स्वतःच्या अडॅप्टरवर चालत असेल, तर लाईटीबरोबर ती बंद पडते आणि रिस्टोअर मध्येच तुटतं. अशा वेळी डिस्क इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा, किंवा इमेज आधीच यूएसबीवर चालणाऱ्या २.५ इंची डिस्कवर घ्या. बॅटरी मेलेला लॅपटॉप इन्व्हर्टरवर असला तरी लाईट जाता-येतानाच्या झटक्यात रिस्टार्ट होऊ शकतो. त्याला यूपीएसच बरा. रिस्टोअर तुटलं तर सहसा इमेजला धक्का लागत नाही, कारण ती फक्त वाचली जाते. मात्र लॅपटॉपची डिस्क अर्धवट राहते आणि काम पहिल्यापासून करावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर असताना हे काम सकाळी लवकर उरका. बहुतेक हार्ड डिस्क ६० अंशांपर्यंतच चालवायच्या असतात, आणि बंद प्लॅस्टिकच्या खोक्यात तासभर सलग वाचत राहिलेली डिस्क तापलेल्या खोलीत त्या आकड्याच्या जवळ जाते. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. साधा पंखा लावा. कूलरचा ओलसर झोत थेट मशीनवर घेऊ नका.

इमेजची डिस्क निळ्या, यूएसबी ३ पोर्टात लावा. ७० जीबीची इमेज काळ्या, यूएसबी २ पोर्टातून सेकंदाला ३० ते ३५ एमबीने येते, म्हणजे नुसत्या वाचनाला ३५-४० मिनिटं लागतात. निळ्यातून तेच काम १२-१५ मिनिटांवर येतं. डिस्क हबला लावली तर वीज अपुरी पडून ती मध्येच गळते. थेट लॅपटॉपलाच जोडा.

क्लोनझिलातल्या पायऱ्या

पहिल्या पडद्यावर वरचीच ओळ घ्या. यूएसबी पोर्ट दोनच असतील आणि एक मोकळा हवा असेल तर टू रॅम असं लिहिलेली ओळ निवडा. मग मेनू आल्यावर रेस्क्यू पेन ड्राइव्ह काढून घेता येतो. भाषा इंग्रजी, कीबोर्ड आहे तसा, पुढे स्टार्ट क्लोनझिला.

डिव्हाइस-इमेज निवडा, नंतर लोकल-डेव्ह. आता इमेजची डिस्क लावा, पाचेक सेकंद थांबा आणि एंटर दाबा. जोडलेल्या डिस्कांची यादी सारखी ताजी होत राहते. तुमची डिस्क दिसली की कंट्रोल आणि सी दाबून पुढे जा.

मग इमेज कुठल्या पार्टिशनवर आहे ते विचारलं जातं. आकार आणि कंपनीचं नाव बघून निवडा. इथे माउंट होत नाही (पार्टिशन उघडत नाही) असा संदेश आला तर ती डिस्क मागच्या वेळी सेफली रिमूव्ह न करता ओढून काढलेली असणार. दुसऱ्या विंडोज मशीनला लावा, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून एरर चेकिंग करा, नीट काढा आणि परत या.

पुढचा पडदा फोल्डर निवडायचा. बहुतेक जण इथे अडकतात. इमेज हा स्वतःच एक फोल्डर असतो, आणि क्लोनझिला त्याच्या पुढे सीझेड-आयएमजी अशी खूण दाखवतं. त्या फोल्डरच्या आत शिरायचं नाही. तो ज्या फोल्डरात ठेवलाय तिथे उभं राहून डन म्हणायचं. आत शिरलात तर पुढे एकही इमेज सापडत नाही आणि बॅकअप गेला असा उगाच समज होतो.

बिगिनर मोड, मग रिस्टोअर-डिस्क. तारखेवरून इमेज निवडा. नंतर टार्गेट डिस्क. नवी डिस्क जुन्यापेक्षा मोठी असेल तर पार्टिशन टेबलच्या पर्यायात के१ घ्या, म्हणजे पार्टिशन त्या प्रमाणात वाढतात. आकार तोच असेल तर के० ठेवा. इमेज तपासायची का, या प्रश्नाला होय म्हणा. तपासणीला पुन्हा तेवढाच वाचनाचा वेळ लागतो, पण इमेजची एखादी फाइल खराब असेल तर ते डिस्क पुसायच्या आधी कळतं. ही तपासणी वेळ वाचवायला गाळू नये असं माझं ठाम मत आहे.

आता पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर इशारा येतो: कोणत्या डिस्कवरचा डेटा जाणार, तिचं नाव, आकार, मॉडेल, आणि तिच्यावर सध्या असलेली पार्टिशनं. पुढे वाय की एन. इथे हात कीबोर्डवरून काढा आणि ओळ मोठ्याने वाचा. साटा डिस्क एसडीए, एसडीबी अशा नावांनी दिसतात, एनव्हीएमई असेल तर एनव्हीएमई०एन१. नावावर विसंबू नका, कारण यूएसबी डिस्क कधी एसडीए होते, कधी एसडीबी. आकार आणि मॉडेल जुळवा. लॅपटॉपची एसएसडी ५१२ जीबीची आणि इमेजची डिस्क १००० जीबीची असेल तर गोंधळ होत नाही. दोन्ही सारख्याच आकाराच्या आणि एकाच कंपनीच्या असतील तर स्टिकरवरचा सीरियल नंबर आधी कागदावर लिहून घेतलेला बरा. हा प्रश्न दोनदा येतो. दुसऱ्यांदाही वाचा, सवयीने वाय दाबू नका.

मग दोन पट्ट्या सरकू लागतात, खाली झालेला वेळ, उरलेला वेळ आणि वेग. पहिलं छोटं पार्टिशन काही सेकंदांत संपतं, सी ड्राइव्हला वेळ लागतो. वेग एकदम शून्याजवळ घसरून तिथेच राहिला तर केबल, पोर्ट किंवा डिस्क यांपैकी एकात दोष आहे. काम झाल्यावर पॉवर ऑफ निवडा, सगळे यूएसबी काढा आणि मगच लॅपटॉप चालू करा.

आतली डिस्क यादीतच नाही?

इंटेलच्या काही लॅपटॉपवर बायॉसमध्ये डिस्कचा मोड आरएसटी किंवा रेड असा असतो. त्या मोडमध्ये क्लोनझिलाला आतली डिस्क दिसत नाही. मोड एएचसीआय करा, रिस्टोअर करा, आणि विंडोज चालू करायच्या आधी मोड पूर्वीसारखा करा. हे शेवटचं राहिलं तर विंडोज निळ्या पडद्यावर इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून थांबतं. इमेजमधलं विंडोज जुन्या मोडचाच ड्रायव्हर शोधत असतं.

विंडोजच्या स्वतःच्या बॅकअपमधून

कंट्रोल पॅनेलमधून सिस्टिम इमेज घेतली असेल तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून रिपेअर, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड या वाटेने सिस्टिम इमेज रिकव्हरीपर्यंत जा. विंडोजइमेजबॅकअप हा फोल्डर डिस्कच्या तोंडाशीच हवा. तो दुसऱ्या फोल्डरात हलवला किंवा त्याचं नाव बदललं की इमेज सापडत नाही. यूईएफआयवर घेतलेली इमेज लेगसीत बूट करून रिस्टोअर करायला गेलात तर वेगळ्या फर्मवेअरचं कारण देऊन विंडोज नकार देतं.

रिस्टोअर झालं, पण चालू होत नाही

बूटेबल डिव्हाइस नाही असं आलं तर आधी बायॉसमध्ये बूट मोड बघा. दहापैकी बऱ्याच वेळा यूईएफआय आणि लेगसीची अदलाबदल झालेली असते. मोड बरोबर असेल तर बूट यादीत विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर आणा. तरीही नाही झालं तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर दोन-तीनदा चालवा. नव्या डिस्कवर फक्त सी पार्टिशनच रिस्टोअर केलं असेल तर हे होणारच, कारण बूटची माहिती सी वर नसते, शेजारच्या १००-२०० एमबीच्या छोट्या ईएफआय पार्टिशनवर असते. पूर्ण डिस्क पुन्हा रिस्टोअर करा.

नवी डिस्क टाकली असेल तर जुनी त्याच मशीनला लगेच जोडू नका. दोन्हींची ओळख एकच झालेली असते आणि विंडोज गोंधळतं.

विंडोज उघडल्यावर

पहिल्यांदा घड्याळ बघा. लिनक्सवर चालणाऱ्या रेस्क्यू डिस्कनंतर ते कधी साडेपाच तास मागे दिसतं. वेळ चुकीची असेल तर सरकारी पोर्टल उघडत नाहीत, डिजिटल सिग्नेचर चालत नाही, आणि माणूस ड्रायव्हरमध्ये दोष शोधत बसतो. वेळ ऑटोमॅटिकवर टाका. बंद केल्यावर रोज मागे जात असेल तर बोर्डावरचा सेल संपलाय.

लॉग इनला पासवर्ड बहुधा इमेज घेतली त्या दिवशीचाच लागतो. टॅली लायसन्स पुन्हा अॅक्टिव्हेट करायला सांगू शकतं. ते करून झाल्यावर आधी काढून ठेवलेले आकड्यांचे फोल्डर डेटामध्ये टाका. त्याआधी तिथले जुने फोल्डर पुसू नका, दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा, आणि शेवटची पावती नंबरासकट जुळते का ते बघा. मग एक दाखला प्रिंट करा, अंगठा लावून बघा, सुरेखमधलं एक जुनं पत्र उघडा.

मोठ्या डिस्कवर जागा रिकामी दिसत असेल आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक्स्टेंड फिकट असेल, तर सी आणि रिकाम्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं पडलंय. रेस्क्यूझिलातल्या जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या प्रोग्रामने ते शेवटाला सरकवा, मग सी वाढतो.

सगळं दोन दिवस नीट चाललं की आजच्या तारखेची नवी इमेज घ्या आणि फोल्डरच्या नावात तारीख घाला, मध्ये मोकळी जागा न सोडता. जुनी डिस्क काढली असेल तर तिच्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून महिनाभर तशीच ठेवा. एखादी विसरलेली फाइल तिच्यातच सापडते.